शोकेसमधली शिराझ

पुण्या-मुंबईच्या नव्या फ्लॅटांत टीव्हीशेजारी एक काचेचं कपाट असतं. आत पिवळे दिवे, दिव्यांखाली रेड वाइनच्या बाटल्या ताठ उभ्या. पाहुणे आले की दिवे लागतात. इंटिरियरवाला त्याला ‘बार युनिट’ म्हणतो आणि त्याचे वेगळे पैसे लावतो. मी स्पष्टच सांगतो: रेड वाइन खराब करायला घरात याहून सोयीची जागा एकच आहे, फ्रिजच्या डोक्यावरची फळी. कपाटात न मावलेल्या बाटल्या पुष्कळ घरांत नेमक्या तिथेच जातात.

रेड वाइन टिकवायची तर १२ ते १४ अंश सेल्सियसचा गारवा लागतो. अंधार लागतो. बाटलीला खरं बूच असेल तर ती आडवी लागते, म्हणजे बूच ओलं राहतं आणि हवा आत येत नाही. काचेच्या कपाटात यातलं काहीच नाही. एप्रिलच्या दुपारी बंद फ्लॅट ३३-३४ अंशांवर सहज जातो. नागपूर, जळगाव, सोलापूरकरांनी आपापला आकडा घालावा. रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने १३ अंशांवर जे चार वर्षांत व्हायचं ते ३३ अंशांवर एका वर्षात उरकतं. आणि ते नीट उरकतही नाही. गारव्यात वाइन पिकते, उष्णतेत ती शिजते. फळाचा ताजा वास आधी जॅमकडे झुकतो, मग उकळलेल्या मनुकांकडे, आणि शेवटी हाती राहतं तपकिरी, सपक पाणी. दिवसा तापून वाइन प्रसरण पावते आणि बूच वर ढकलते. रात्री आकसते आणि बुचाच्या कडेने हवा आत ओढते. असे दोन उन्हाळे काढलेल्या बाटलीला ‘कलेक्शन’ म्हणायला माझी तयारी नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: जुनी तितकी चांगली. हा समज आपल्याकडे फार पक्का बसलाय आणि त्यापायी चांगल्या बाटल्या वाया जातात. जगात तयार होणारी बहुतांश वाइन बाजारात आल्यावर एक-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. दहा-वीस वर्षं थांबल्यावर सुधारणारी रेड फार थोडी. तिच्यात मुळातच भरपूर तुरटपणा, भरपूर आंबटपणा आणि दोन्हींना पुरून उरेल इतकं फळ असावं लागतं. तो तुरटपणा, म्हणजे टॅनिन, वर्षानुवर्षं हळूहळू एकमेकांत जुळत जातो, मऊ होतो, काही भाग साका होऊन तळाशी बसतो. सातशे-आठशे रुपयांच्या बाटलीत हे भांडवलच नसतं, आणि ते नसणं हा तिचा दोष नाही. ती आज संध्याकाळी प्यायला केली आहे. मुलाच्या लग्नात उघडू म्हणून ठेवलेली ती बाटली मुलगा दहावीत जायच्या आधीच संपलेली असते, फक्त बूच काढायचं राहिलेलं असतं.

मग घरी साठा करूच नये का? जरूर करावा, छोटा करावा. बारा बाटल्या पुरेत. बाराच्या वर जायचं असेल तर आधी विजेचा आणि जागेचा विचार करा, मग बाटल्यांचा. साध्या फ्रिजचा भाजीचा कप्पा ८-१० अंशांवर असतो. पुस्तकी नियमाने तो जरा जास्त थंड आणि कोरडा, पण विदर्भाच्या मे महिन्यात स्वयंपाकघरातल्या कुठल्याही फळीपेक्षा तो हजारपटीने बरा. काही महिन्यांसाठी तिथे बाटली ठेवायला अजिबात हरकत नाही. वाइनचा वेगळा फ्रिज घेणार असाल तर दुकानात एकच प्रश्न विचारा: कॉम्प्रेसर आहे का? बिनआवाजाचे, दिसायला देखणे, तुलनेने स्वस्त असे थर्मोइलेक्ट्रिक फ्रिज मिळतात, ते खोलीच्या तापमानापेक्षा दहा-बारा अंश, फार तर थोडं अधिक खाली जाऊ शकतात. खोली २४ अंशांवर असेल तिथे ते चालतं. चाळिशीला टेकलेल्या शहरात हा फ्रिज २८ अंशांवर हाशहुश करत बसतो आणि आतल्या बाटल्यांना त्याचा काडीचा उपयोग नसतो. विक्रेता हे आपणहून सांगत नाही.

दुकानाकडे वळतो, कारण खून बहुतेक वेळा घरी यायच्या आधीच झालेला असतो.

माझ्या घराजवळच्या एका वाइन शॉपमध्ये रेडच्या बाटल्या रस्त्याकडच्या काचेत मांडलेल्या असतात. पश्चिमेचं ऊन चार वाजल्यापासून थेट त्यांच्यावर. बियर मात्र फ्रिजात. विचारलं तर उत्तर येतं, ‘साहेब, रेडला फ्रिज लागत नाही, ती रूम टेम्परेचरला असते.’ हे रूम टेम्परेचर युरोपातल्या जुन्या दगडी घरांचं, जिथे खोली १६ ते १८ अंशांवर असायची. ते वाक्य आपण उचललं आणि चौतीस अंशांच्या खोलीला लावलं. हॉटेलांतही तेच. महागड्या ठिकाणी, उत्तम मेन्यूसोबत, रेड वाइन कोमट येते. मद्यार्क नाकात जातो, फळ कुठे दिसत नाही, आणि पिणारा ठरवतो की आपल्याला रेड आवडत नाही. तुम्हाला रेड आवडत नाही हे अजून सिद्ध झालेलं नाही. बाटली अर्धा तास फ्रिजात ठेवा आणि मग ठरवा. वेटरला बर्फाची बादली मागायला लाजू नका; रेडसाठी मागितलीत तर तो बघत राहील, बघू द्या.

खरेदी करताना बाटली उजेडाकडे धरून बघा. मानेतली पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा खाली असेल तर ठेवून द्या. बुचावरचं वेष्टण फिरवून बघा. ते चिकटलेलं असेल, खाली सुकलेला ओघळ दिसत असेल, बूच काठाच्या वर आलेलं असेल, तर ती बाटली तापून गळलेली आहे. आयात केलेल्या बाटलीवर आयातदाराचं नाव आणि माल आल्याची तारीख असलेलं स्टिकर असतं, ते वाचा. फळीवर सर्वांत पुढची, धूळ बसलेली बाटली घेऊ नका. मागची, न उघडलेल्या खोक्यातली मागा. स्क्रू कॅपला नाक मुरडणाऱ्यांनी तर हा उद्योग सोडावा. दोन-तीन वर्षांत प्यायच्या वाइनला, त्यातही आपल्या हवेत, स्क्रू कॅप हे बुचापेक्षा जास्त भरवशाचं झाकण आहे. खऱ्या बुचात कधी कधी टीसीए नावाचं संयुग असतं. एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम एवढंच ते पुरतं. वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट गोणपाटाचा वास येतो आणि फळ गप्प होतं. स्क्रू कॅपमध्ये तो धोका जवळजवळ नाही.

जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सुपरमार्केटांत आणि मोठ्या दुकानांत वाइन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. वाइन म्हणजे दारू की शेतमाल, शेतकऱ्याचं भलं की घराघरात व्यसन, सगळ्या बाजूंनी तावातावाने बोलणं झालं. निर्णय अमलात आला नाही. त्या सगळ्या चर्चेत बाटली कोणत्या तापमानाला ठेवणार, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. शेतमाल म्हणायचं तर शेतमालासारखी काळजी घ्या. दुधाच्या पिशवीला शीतसाखळी लागते हे आपल्याला पटलंय. द्राक्षाच्या रसाला का नको?

आता पैशांचं. ‘इम्पोर्टेड’ या अक्षरांवर आपण भाळतो, तर त्यातला हिशेब समजून घ्यावा. परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. म्हणजे बंदरात उतरताना ४०० रुपयांची असलेली बाटली शुल्क भरताच १००० ची होते. मग आयातदार, वाहतूक, राज्याचे कर, दुकानदार. शेवटी दोन हजारांच्या आसपास तुम्ही जी घेता ती तिच्या गावी मंगळवारच्या जेवणाची साधी वाइन असते. वर ती न्हावा-शेव्याला उन्हात उभ्या असलेल्या साध्या कंटेनरातून आलेली असली तर विचारूच नका. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला आणि तिथून हे जरा बदललं: पाच अमेरिकी डॉलरच्या वरच्या बाटलीवर शुल्क १०० टक्क्यांवर आलं, पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीवर ७५ वर, आणि दहा वर्षांत ते अनुक्रमे ५० आणि २५ पर्यंत उतरायचं आहे. त्यामुळे परदेशी रेड घ्यायचीच तर मध्यम किमतीत ऑस्ट्रेलियन शिराझ बघणं शहाणपणाचं. पण दोन हजारांत नाशिकची किंवा अकलूजची जवळजवळ सर्वांत चांगली बाटली मिळत असताना त्याच पैशांत फ्रान्सची किंवा इटलीची सर्वांत साधी बाटली घेणं, हे लेबलाला दिलेलं दान आहे.

आपल्या मातीतल्या रेडबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण तिची निंदा आणि तिची स्तुती, दोन्ही न पिता केली जातात.

नारायणगावला शामराव चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकात शॅम्पेनच्या पद्धतीने फेसाळ वाइन करून दाखवली. नव्वदच्या दशकात अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंतांनी नाशिकला वाइनची द्राक्षं लावली, २००० साली त्यांच्या सुलाची पहिली वाइन आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. पुढे पुष्कळ वायनरी निघाल्या, पुष्कळ बुडाल्या. टिकलेल्यांत निफाडकडची रेव्हिलो, इगतपुरीकडची व्हॅलोने. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घरांतल्या भावांची फ्रातेल्ली. नाशिकची व्हॅली दे व्हिन २०१२ मध्ये बेंगळुरूच्या ग्रोव्हरमध्ये मिसळली, गंगापूर धरणाकाठची यॉर्क २०२१ मध्ये सुलाने घेतली.

पण बाटलीत काय येतं हे कंपन्यांच्या इतिहासावरून कळत नाही, वेलाच्या वर्षावरून कळतं. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपतो, वर्षाला एक छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात तोड. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, आणि तोड जानेवारीअखेर ते मार्च. म्हणजे तिथे घड पिकतात तेव्हा दिवस गार होत जातात. इथे घड पिकतात तेव्हा दिवस तापत जातात. हा एवढा एक फरक नाशिकच्या रेडचं सगळं नशीब ठरवतो. जानेवारीच्या थंड रात्रींत आंबटपणा टिकतो, फेब्रुवारी सरता सरता साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो. सालीतला आणि बीमधला तुरटपणा पिकायला वेळ हवा असतो, तो वेळ ऊन देत नाही. लवकर तोडलं तर कच्चा, हिरव्या मिरचीच्या देठासारखा वास. उशीर केला तर फळ भाजलेलं. चांगला वाइनमेकर या दोन्हींच्या मधले मोजके दिवस पकडतो, आणि घड पहाटेच्या गारव्यात तोडून आणतो. द्राक्षशेतकऱ्याला विचारा, भुरी आणि डाऊनीसारखे रोग सांभाळून इथवर येणं हेच केवढं काम आहे.

म्हणून शिराझ ही द्राक्षाची जात इथे रुजली. तिला ऊन मानवतं. तिच्यातला काळ्या मिरीचा वास ही रसिकांची कल्पना नव्हे: ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की रोटंडोन नावाचं जे संयुग काळ्या मिरीला तिचा वास देतं, तेच शिराझच्या सालीत असतं. त्याच अभ्यासात असंही निघालं की साधारण पाचातल्या एकाला हा वास येतच नाही, कितीही तीव्र केला तरी. तेव्हा टेबलावर एकाला मिरी लागली आणि दुसऱ्याला नाही, तर दोघेही खरं बोलत असू शकतात.

सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ, फ्रातेल्लीची सांजोव्हेज, त्यांचीच सांजोव्हेज आणि काबर्नेची ‘सेत्ते’, ग्रोव्हरची ला रिझर्व्ह, रेव्हिलोची नेरो दाव्होला, व्हॅलोनेची माल्बेक: या बाटल्यांनी सुरुवात करा असं मी कुणालाही बिनधास्त सांगेन. यांतली कुठलीही फ्रान्सच्या बोर्दोसारखी नाही आणि तशी असायची गरज नाही. साध्या रेड वर्ष-दोन वर्षांत संपवाव्यात. रिझर्व्ह, ओकच्या पिंपात मुरवलेल्या, गार जागी चार-पाच वर्षं सुखाने राहतात. पुढे त्या सुधारताना मी पाहिलेल्या नाहीत. एक पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते: आवडलेली बाटली जोडीने घ्या. एक आत्ता प्या, चार ओळी लिहून ठेवा, दुसरी वर्षाने उघडा आणि त्या ओळी समोर ठेवा. मुरणं म्हणजे काय हे कुठल्याही पुस्तकापेक्षा या दोन बाटल्या नीट शिकवतात.

लिहिणं महत्त्वाचं. जीभ विसरते. वहीत परदेशी फळांची नावं लिहू नका जी तुम्ही कधी खाल्ली नाहीत. जांभूळ वाटलं तर जांभूळ लिहा, करवंद वाटलं तर करवंद, शेंगदाण्याचं टरफल वाटलं तर तेच. आंबटपणा किती, तुरटपणा हिरड्यांवर बसतो की जिभेच्या मागे, चव गिळल्यावर किती वेळ राहते, आणि पुन्हा घ्याल का. एवढं पुरे.

आणि चव घ्यायची ती झाकून. यावर माझा फार जोर आहे, कारण वाइनच्या धंद्यातला निम्मा डौल उघड्या लेबलावर उभा आहे. २००१ साली बोर्दोतल्या संशोधकांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली आणि तीच वाइन बिनवासाचा लाल रंग घालून दिली. रंगीत पेल्याचं वर्णन त्यांनी रेड वाइनच्या शब्दांत केलं. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एकच काबर्ने लोकांना वेगवेगळ्या किमती सांगून पाजली. किंमत जास्त सांगितली की ती जास्त आवडली, मेंदूच्या स्कॅनमध्येही तो आनंद दिसला. त्याच वर्षी रॉबर्ट हॉजसन या वायनरीमालकाने कॅलिफोर्निया राज्य जत्रेच्या स्पर्धेतल्या परीक्षकांची तपासणी प्रसिद्ध केली. एकाच बाटलीतली वाइन त्यांना न सांगता तीनदा दिली होती. स्वतःच्याच गुणांशी सुसंगत राहिले ते दहांतले जेमतेम एक. बाटलीवरच्या सोनेरी पदकाच्या स्टिकरला किती किंमत द्यायची ते यावरून ठरवा. मी काहीच देत नाही.

घरी करायला हे अगदी सोपं आहे. चौघं-पाचजण जमा. प्रत्येकाने साधारण एकाच किमतीची एक रेड वर्तमानपत्रात गुंडाळून आणावी, वर आकडा टाकावा. पेला साधा, पातळ काठाचा, वर निमुळता असावा. परीक्षकांसाठी १९७७ मध्ये ठरवलेला आंतरराष्ट्रीय पेला जेमतेम २१५ मिलिलिटरचा आहे, घागरीएवढ्या पेल्यांचा खर्च उगाच. ओतायची ५० मिलिलिटर. एका बाटलीत असे १५ घोट. त्या संध्याकाळी अत्तर नको, अगरबत्ती नको, स्वयंपाकघरात फोडणी नको. सोबत साधा पाव आणि पाणी. थुंकायला एक भांडं मधोमध ठेवा. पाच वाइन चाखायच्या तर पाचव्या वाइनला न्याय द्यायला शुद्ध जागेवर हवी, यात असभ्य काही नाही. सर्वांनी लिहून झाल्याशिवाय कुणी बोलायचं नाही, कारण पहिला बोलणारा बाकीच्यांची जीभ वळवतो. बहुतेक घरांत हा पहिला बोलणारा परदेशी जाऊन आलेला असतो.

जरा पुढे जायचं असेल तर तीन पेले घ्या. दोनांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी, क्रम दुसऱ्याने ठरवायचा. वेगळा पेला ओळखा. केवळ नशिबाने तीनांतून एकदा जमेल, म्हणून पुन्हा पुन्हा करा. सातशेची आणि अडीच हजारांची या चाचणीत ज्याला वेगळ्या ओळखता येत नाहीत, त्याने सातशेचीच घ्यावी आणि उरलेले पैसे खुशाल मटणावर घालावेत.

मटणावरून आठवलं. झणझणीत तांबड्या रश्श्यासोबत जाड, तुरट काबर्ने उघडणं थांबवा. तिखटाची आग मद्यार्क आणि टॅनिन दोन्ही भडकवतात, रस्सा आणि वाइन दोघंही हरतात. तुरटपणा हवा असेल तर तिखट उतरवा: सुकं मटण, भाजलेली चॉप, चरबीचा आणि प्रथिनांचा आधार मिळाला की टॅनिन लगेच मऊ लागतं. तिखट सोडवत नसेल तर हलकी, फळाची रेड घ्या आणि १४ अंशांपर्यंत गार करा. गोव्याच्या चोरिसोसोबत, त्यातल्या आंबटपणामुळे, मला सांजोव्हेज सर्वांत आवडते. आणि उरलेली बाटली झाकण लावून फ्रिजात, दोन-तीन दिवसांत संपवायची. ओट्यावर आठवडाभर राहिलेली रेड लोणच्याच्या बरणीकडे निघालेली असते.

दोन गोष्टी थोडक्यात. हृदयाला चांगली म्हणून रेड विकत घेऊ नका. १९९१ च्या एका अमेरिकन टीव्ही कार्यक्रमापासून हे पसरलं. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्वच्छ सांगितलं की मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. चवीसाठी प्या, थोडी प्या, औषध म्हणून नको. दुसरं, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. वाइन घ्यायला, बाळगायला, प्यायला परवाना लागतो आणि वय २१ पूर्ण लागतं. घरी साठा करणाऱ्याने आजीवन परवाना काढावा आणि साठ्याची मर्यादा वाचावी. गोव्याहून डिकीत खोकी भरून आणणाऱ्यांना सीमेवर कागद विचारले जातात. शिवाय मे महिन्यातल्या डिकीत दहा तास भाजून निघालेली बाटली स्वस्त पडली असं म्हणता येत नाही.

जुन्या, दुर्मीळ बाटल्या गुंतवणूक म्हणून सुचवणारेही आता व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ लागलेत. त्यांना रुडी कुर्नियावान हे नाव सांगा. अमेरिकेतल्या श्रीमंतांना त्याने स्वतःच्या घरात भरलेल्या बाटल्या जुनी बरगंडी म्हणून विकल्या. २००८ च्या लिलावात १९४५ सालची पोन्सो घराण्याची क्लो सां-दनी आली. लोराँ पोन्सो स्वतः न्यूयॉर्कला पोहोचले, कारण त्यांच्या घराण्याने ती वाइन करायला सुरुवातच १९८२ मध्ये केली होती. २०१४ मध्ये कुर्नियावानला दहा वर्षांची शिक्षा झाली. तोपर्यंत ज्यांनी लाखो डॉलर मोजले त्यांतल्या कितीतरी जणांना चवीवरून काही कळलं नव्हतं. चव त्यांनी झाकून घेतलीच नव्हती.

माझं मागणं फ्रान्सकडे नाही, नाशिककडे आहे. द्राक्षं कोणत्या हंगामाची, बाटली कोणत्या महिन्यात भरली, आणि कोणत्या तापमानाला ठेवायची, हे तीन आकडे प्रत्येक बाटलीवर ठळक, मराठीत छापा. दुकानदारांनी रेडच्या फळ्या काचेतून आत हलवाव्यात आणि रात्री शटर पाडताना त्या खोलीचा एसी चालू ठेवावा. ज्याला तेवढं परवडत नाही त्याने रेड ठेवू नये, बियर विकावी. आणि गिऱ्हाइकाने किंमत विचारायच्या आधी विचारावं: ही बाटली मागच्या उन्हाळ्यात कुठे होती?